गाडी, आठ, पूल

राहनाळच्या गोदामात मी सिक्युरिटी सुपरवायझर आहे. कुणी कम्प्युटरचा पासवर्ड फोनवर ओरडून सांगितला की माझं डोकं फिरतं. वर म्हणतात, "काका, आपलाच माणूस हाय." आपलाच माणूस! ह्याच दोन शब्दांपायी मी एक माणूस घालवला.

दोन हजार तीन साली मी काश्मीरमध्ये होतो, सिग्नल्समध्ये हवालदार. नियम सोपा होता. वायरलेस सेटवर कुणी आला की मी दोन अक्षरं विचारायची, त्याने त्या दिवसाच्या तक्त्यातून उत्तर द्यायचं. माणूस खरा ठरला की निरोप कोडमध्ये घालून पाठवायचा. चार ओळींना पंधरा मिनिटं जात. तक्ता रोज बदलायचा, जुना जाळायचा.

वरच्या पोस्टवर लान्स नाईक दशरथ होता, आमच्या भिवंडीकडचा, पूर्ण्याचा. तो सेटवर आला की आम्ही सरळ गावच्या बोलीत सुरू. बाकीच्या पोरांना ओ की ठो कळत नसे. आम्हाला वाटे, हाच आमचा कोड. काय पण शहाणे!

त्या सकाळी ०६३० ला तो आला.

"दादा, रेशनची गाडी कवा हाय?"

तक्ता समोर होता. मी हात लावला नाही.

"आठला. पुलावर ये."

"येतू. आउट."

०८०५ ला पुलावर दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी फायरिंग केलं. गाडी अलीकडच्या वळणावर होती, ती वाचली. दशरथ पुलावर उभा होता.

चौकशीत मेजरसाहेबांनी विचारलं, "निरोप कोडमध्ये का नाही घातला?"

"आवाज ओळखीचा होता, साहेब."

"बोलणारा ओळखीचा. ऐकणारा?"

हवालदाराचा नाईक झालो. शिक्षा कमीच झाली. राग येतो तो त्या पंधरा मिनिटांच्या आळसाचा, आणि आजही तोच आळस बघतो तेव्हा हात शिवशिवतात.

सुट्टीत पूर्ण्याला गेलो. दशरथची आई ओट्यावर सुकट निवडत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"आपली बोली त्यांना कशी समजली रं?"

"मावशी, गाडी, आठ, पूल. हिंदीतबी तेच हाय. कुणालाबी समजंल."

तिने सूप खाली ठेवलं.

"मंग तुला कसं न्हाय समजलं?"

दशरथ चोवीस वर्षांचा होता.