गुणी लेकराची झोप

"रडण्याकडं कान देऊ नका, गिळण्याकडं द्या."

साखरा गावात कुणाच्या घरी बाळंतीण असली की जनकाबाई हे वाक्य उंबऱ्यातूनच आत टाकायची आणि मग चपला काढायची. वाक्य तिचं स्वतःचं होतं. आपली लेकरं वाढवता वाढवता, भावकीतली मांडीवर घेता घेता तिला ते गवसलं होतं. त्याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. कुणी बोलावण्याची वाट ती बघत नसे. हळदीच्या रानातून परतताना पाय आपोआप त्या घराकडं वळायचे.

त्या दिवशी ती चौत्राबाईकडं आली. चौत्राबाईची लेक संध्या पहिलटकरीण, माहेरी येऊन बाळंत झालेली. मुलगी आठवड्याची झाली होती, आणि आजी तिचं कौतुक सांगून थकत नव्हती. सकाळी तेल चोळून न्हाऊ घातलं, ओव्या-शेपेची धुरी दिली, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात घट्ट बांधलं, की पोर झोळीत जी निजायची ती ऊन कलेपर्यंत. ना रडणं, ना कुरकुर. निजलेल्या लेकराला उठवायचं नाही, अशी त्या घरची रीत. संध्याची छाती मात्र दगडासारखी ताठून ठणकायची. "दूध लई हाय तुला," एवढंच आई म्हणायची. पण संध्याच्या मनाला काहीतरी टोचत होतं.

जनकाबाईनं आधी अंगणातली दोरी पाहिली.

"चौत्रे, दोरीवर दोनच लंगोट काहून?"

"आली बाई फौजदारीण!" चौत्राबाई हसली. "गुणी हाय माझी नात. लंगोट बी भिजवत न्हाई."

जनकाबाई हसली नाही. तिनं संध्याकडं पाहिलं. "लघवीचा रंग कसा हाय गं?"

"गडद पिवळा, मावशी. आन् शी कालपासून न्हाई."

"आठवड्याच्या लेकरानं दिवसरातीत सहा-सात लंगोट भिजवायलाच पायजेत. हे गुणी न्हाई, उपाशी हाय. रडायला बी अंगात ताकद लागती."

"माझ्या घरात लेकरू उपाशी?" चौत्राबाईचा आवाज चिरकला.

"मंग रडत बसतीस का? प्रमोदला आशाताईकडं धाड. वजनाचा काटा घेऊन ये म्हणावं."

संध्याचा भाऊ प्रमोद धावत गेला. इकडं जनकाबाईनं फडकं सोडलं आणि उघडं लेकरू संध्याच्या उघड्या छातीवर ठेवलं. तळवे चोळले, पाठ चोळली. ताठलेली छाती लेकराच्या तोंडात मावेना, म्हणून संध्यानं हातानं थोडं दूध पिळून वाटीत काढलं.

"नुसती बोंडी देऊ नको. तोंड मोठं उघडू दे. हां, आता घे जवळ."

आधी पोरीनं भराभर ओढलं. मग ओढ सावकाश झाली, खोल झाली. आणि संध्यानं ऐकलं: हलकासा घोट, थोडं थांबणं, पुन्हा घोट. तिचे डोळे भरून आले.

पण थोडं पिऊन पोर पुन्हा पेंगली. वाटीतलं दूध जनकाबाईनं चमच्यानं पाजलं. तोवर प्रमोदसोबत आलेल्या आशाताईनं वजन केलं, ते जन्माच्या वेळेपेक्षा बरंच उतरलं होतं. "आत्ताच दवाखान्यात न्या," ती म्हणाली. "व्हय, उद्यावर टाकायचं न्हाई," म्हणत जनकाबाई स्वतः गाडीत बसली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं तपासलं, थोडी कावीळ आहे म्हणाली. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा, रात्रीसुद्धा. आणि पुन्हा दाखवायला आणा.

चौत्राबाईनं घरची रीत मोडली. लेकराला आता तीच उठवायची. पिऊन झाल्यावर लेकराची मूठ सैल सुटायची, संध्याची छाती हलकी व्हायची. लंगोट वाळवायला दोरी पुरेना. शी मोहरीसारखी पिवळी झाली. पुन्हा दाखवून आणलं तेव्हा डॉक्टरीणबाई हसली, आणि पुढच्या आठवड्यात आशाताईच्या काट्यावर वजन चढलं.

"आता नाव शोधा पोरीचं," जनकाबाई उठत म्हणाली.

"चहा तरी घे गं," चौत्राबाई म्हणाली.

"रानात हळद शिजवून राहिले लोक. माझ्यावाचून त्यांचं भागतंय व्हय?"

पदर खोचून ती निघाली. मागं वळून बघायची तिला सवय नव्हती. संध्या पित्या लेकीला घेऊन खिडकीशी उभी राहिली. बाभळीच्या वळणाआड जनकाबाई दिसेनाशी झाली तरी ती बघत होती, आणि तिच्या खांद्यामागून, लंगोट धुतलेले ओले हात तसेच धरून, चौत्राबाईही.