एका गोळीची बंदूक

हर्शेल कॉडलने चौथी बंदूक खांद्याला लावून पाहिली आणि पुन्हा काउंटरवर ठेवली. सगळ्या पॉइंट टू-टू, सगळ्या वापरलेल्या, दोनशे डॉलरच्या आतल्या. आज गुरुवार होता आणि खारींच्या शिकारीचा मोसम शनिवारी उघडणार होता.

"तुझी जुनी कुठाय?" रेवाने विचारलं. दुकान तिचं, आणि हर्शेल शाळेत तिच्याच वर्गातला. त्यामुळे तिच्या जिभेला लगाम नव्हता.

"विकली. नेम बिघडला होता."

"बंदुकीचा?"

हर्शेलने चौथीच पुन्हा उचलली. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत छताला बोल्ट मारून उजवा खांदा कामातून गेला होता; त्याबद्दल तो कुणाशीही बोलायचा. त्याच खाणीत उजव्या डोळ्यात दगडाची कपची उडाली होती. तो डोळा वर्षागणिक धुरकटत चालला होता, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी मोसमाच्या पहिल्या सकाळी तो नेहमीसारखा घरामागच्या डोंगरात गेला. खाली ओसरीवर थोरला भाऊ आर्लिस ऑक्सिजनची नळी लावून बसला होता. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं खाल्ल्यापासून आर्लिस शिकार करायचा ती कानाने. डोंगरातले बार मोजायचे आणि खारीच्या रश्श्याची वाट बघायची. त्या दिवशी त्याने सात बार मोजले. हर्शेल रिकाम्या हाताने उतरला.

"यंदा हिकरीच्या झाडांना फळच नाही. खारी येणार कुठून?" तो म्हणाला.

आर्लिसने नुसती मान हलवली. ओसरीच्या पायऱ्यांवर खारींनी कुरतडलेली हिकरीची टरफलं पडली होती.

बंदूक घेण्याआधी दुकानामागच्या कुंपणावर अक्रोड मांडून पाच गोळ्या झाडायच्या, ही रेवाच्या वडलांपासूनची रीत. हर्शेलच्या पाचही गोळ्या वाया गेल्या.

"हिला या गोळ्या मानवत नाहीत. दुसऱ्या दे."

रेवाने दुसरी पेटी फोडली. पुन्हा पाच. अक्रोड जागचे हलले नाहीत.

"आता उजवा डोळा मीट. डाव्या खांद्याला लाव."

"बापाने डावा मिटायला शिकवलंय."

"बापाला जाऊन वीस वर्षं झाली. मीट."

वाद घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. त्याने उजवा डोळा मिटला. अक्रोड एकदम स्पष्ट दिसला. इतकी वर्षं तो चांगला डोळा मिटून शिकार करत होता. बार झाला, अक्रोड उडाला. पण पुढची गोळी भरताना हात अडखळला. गोळी भरायची खिटी उजवीकडे होती, आणि बंदूक डाव्या खांद्याला.

रेवा आतून एक आखूड, गोळी भरायला मधोमध दुमडणारी बंदूक घेऊन आली. "एका वेळी एक गोळी. घोडा मधोमध, त्यामुळे डाव्या-उजव्याची भानगड नाही. एकशे वीस."

"ही तर शाळकरी पोरांची पहिली बंदूक!"

"मग पहिलीपासून सुरुवात कर."

शनिवारी सकाळी तो हिकरीखाली बसला. खांदा ठणकत होता. वरून टरफलांचा चुरा टोपीवर पडू लागला, तशी त्याने बंदूक डाव्या खांद्याला टेकवली. एक बार झाला, आणि खार पानांतून आदळत खाली आली. वर दुसरीही होती. पण बंदूक दुमडून पुन्हा गोळी भरायची, हात उचलायचा... त्याने तिला जाऊ दिलं आणि तसाच बसून राहिला.

उतरून आला तेव्हा आर्लिसच्या मांडीवर रश्श्यासाठी पिठाचं भांडं तयार होतं.

"एकच ऐकला," आर्लिस म्हणाला. "म्हटलं, लागली. सात ऐकले असते तर जेवणाला अंडी फोडली असती."

हर्शेल पायरीवर टेकला. "मला उजव्याने दिसत नाही, आर्लिस."

"गेल्या वर्षीच कळलं होतं." आर्लिस थांबला, श्वास गोळा केला. "साधारण पाचव्या बाराला."

"एका खारीत दोघांचं होईल?"

"रस्सा वाढवू. तू आधी पाठ टेक जरा."