मोटारीला मानवेल ते तेल

आमचे थोरले भावोजी मोटारीची नाडी बघत. सकाळी स्नानसंध्या आटोपली की पंचा नेसूनच ते अंगणात येत, मोटारीच्या बॉनेटवर उजव्या हाताची तीन बोटं टेकवत आणि डोळे मिटून उभे राहत. इंजिन तेव्हा बंद असे. बंद इंजिनाला कसली आलीय नाडी, असं विचारण्याची घरात कुणाची छाती नव्हती. थोड्या वेळाने डोळे उघडून ते गंभीरपणे सांगत, "आज जरा वात आहे." आम्ही बायका तोंडाला पदर लावून आत पळत असू.

घरात त्यांना सगळे दादा म्हणत आणि गावात मोटारवैद्य. आमचे सासरे खरोखरीचे वैद्य. रत्नागिरीत आणि आसपासच्या गावांत त्यांच्या काढ्यांना मान होता. दादांनीही ती विद्या करून पाहिली, पण त्यांचा पहिलाच रोगी दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या पायरीवर दिसला, तेव्हा माणसं कृतघ्न असतात असं ठरवून त्यांनी तो नाद सोडला. पुढे सासरे गेल्यावर कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याने मोडीत काढलेली जुनी लॉरी त्यांनी घेतली, तिला बाकं ठोकून घेतली, आणि रत्नागिरी ते कोल्हापूर अशी माणसं, आंबे, सुपाऱ्या, मिळेल ते भरून फेऱ्या सुरू केल्या. चालवायला आमचे हे. दादांना चालवता येई, पण वैद्याने रोग्याला पाठुंगळी घ्यायचं नसतं, असं त्यांचं मत. ते शेजारी बसून आवाज ऐकत. हा रोगी उलट बोलत नव्हता आणि आपल्या पायांनी दुसऱ्या वैद्याकडे जाऊ शकत नव्हता. दादांना हवा होता तसा रोगी अखेर मिळाला.

मोटार जुनी, आतले भाग झिजलेले. पातळ तेल घातलं की ते वर चढून जळे आणि मागून निळ्या धुराचे लोट निघत. जुन्या इंजिनाला घट्ट तेल हवं, हे दादांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. तिथेच ते थांबले असते तर मला हे लिहावं लागलं नसतं. बंदरात आगबोटीतून विलायती तेलाचे डबे उतरत, त्यांत घट्टही मिळे आणि पातळही. पण डब्यातलं तेल म्हटलं की दादांच्या कपाळाला आठी पडे. "यंत्र झालं म्हणून काय झालं, त्याला प्रकृती आहे," ते म्हणत. "विलायती तेल मुंबईच्या मोटारींना ठीक. इथल्या हवेतल्या मोटारीला इथलंच तेल मानवणार."

"मोटार काय आपल्या आगरात रुजली होती?" माझ्या जाऊबाईंनी, म्हणजे दादांच्या बायकोने, माजघरातून विचारलं.

दादांना ते ऐकू आलं नाही. इंजिनातली बारीकशी कुरकुर ऐकणाऱ्या त्या कानांना माजघरातलं काही ऐकू येत नसे.

मग प्रयोग सुरू झाले, ते अर्थात आमच्या स्वयंपाकघरातून. आधी तिळाचं तेल गेलं. तीळ वातनाशक ना! ते आत जळायला लागलं आणि मोटार जाईल तिथे भजी तळल्याचा वास सुटायला लागला. वाटेत पालीच्या बाजारात मोटार उभी राहिली की उतारू तिकिटाचं विसरून हॉटेलात शिरत. त्यानंतर दिव्यात जाळायचं उंडीचं तेल झालं. त्यानंतर कुणीतरी सुचवलं म्हणून होड्यांना चोपडतात ते माशाचं तेल. तेव्हा मात्र सासूबाईंनी मोटार अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे उभी करायला लावली आणि दादांना डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय घरात घेतलं नाही. परीक्षा सगळ्या तेलांची एकच. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि निकाल द्यायचा, "तुरट आहे. इंजिनाला रुचायचं नाही." इंजिनाची रुची देवाला ठाऊक. घाटात ते बंद पडे, उतारू खाली उतरून ढकलत, आणि दादा त्यांच्या बाजूने चालत चालत पथ्य समजावून सांगत.

त्यांचं दुसरं तत्त्व विश्रांतीचं. घाट चढून आलेला बैल लगेच जुंपत नाहीत, मग मोटारीनेच काय पाप केलंय? त्यामुळे घाटमाथ्यावर आंबा गावात मोटार रात्रभर उभी राहायची म्हणजे राहायची. दादा तिच्यावर घोंगडी टाकत. उतारूंवर काही टाकण्याची पद्धत नव्हती.

याच रस्त्यावर पालीच्या बाबल्याची मोटार धावे. बाबल्या मुंबईला गोदीत काम करून आलेला, तोंडाने फाटका आणि बढाईखोर. त्याची मोटार आमच्याइतकीच म्हातारी. दादांनी एकदा त्याला रस्त्यात थांबवून, तो कुठलं तेल घालतो आणि का, अशी चौकशी केली. "दुकानवाला देल तो डबा वततो," बाबल्या म्हणाला. "माजा इंजान काय बोलत नाय वैदानू, मी त्याला कशाला इचारू?" दादा घरी आले ते हळहळतच. काही विचार न करता मोटार चालवणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला होता. "त्या मुक्या जिवाचे हाल आहेत," ते म्हणाले. मुका जीव रोज वेळेवर कोल्हापुरात पोचत होता, ही गोष्ट दादांच्या लेखी गौण होती.

शेवटी दादा खोबरेलावर येऊन ठरले. वैशाखात आंब्याच्या फेऱ्या खोबरेलावर झाल्या आणि खोटं कशाला बोलू, इंजिन गोड चाललं. दादांना स्वर्ग दोन बोटं उरला. जाऊबाई म्हणाल्या, "थंडीत थिजतं ते. बाटलीतून निघत नाही."

"थंडीत आपोआप घट्ट होतं, हा तर त्याचा गुण," दादा म्हणाले. "आणि चालत्या इंजिनात थिजायची त्याची बिशाद आहे? आत जाळ असतो, जाळ!"

आणि तेही खरंच होतं. दादांचं प्रत्येक वाक्य सुटं घेतलं तर खरं असे.

त्याच वर्षी मार्गशीर्षात कुसुमचं लग्न ठरलं. कुसुम ही दादांची एकुलती एक मुलगी. स्थळ कोल्हापूरचं. मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली, तिच्या डोळ्यांदेखत अक्षता पडाव्यात म्हणून लग्न त्यांच्याच घरी करायचं होतं. दादांचा मुलीवर फार जीव. एकदा न्हाणीघरात पाऊल घसरून तिला लागलं, तर दादा दिवसभर जेवले नाहीत. कन्यादानासाठी त्यांनी सासऱ्यांचा पीतांबर पेटीतून काढून उन्हं दाखवून ठेवला होता. रोज संध्याकाळी ते संकल्पाचे मंत्र पाठ म्हणून बघत आणि अर्ध्यावर थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. एवढं एकच कार्य घरचं, ते माझ्या हातून नीट पार पडो, असं मला स्वतःच म्हणाले होते. ते माझ्याशी असं कधी बोलत नसत. मला त्या दिवशी त्यांच्याविषयी खरोखर माया वाटली.

लग्नाची मोटार म्हणून तिचाही थाट करायला हवा. दादांनी तळाचं जुनं तेल सगळं काढून टाकलं आणि घाण्यावरून आणलेलं ताजं, स्वच्छ खोबरेल तिच्यात ओतलं. आम्ही वऱ्हाडी निघालो तेव्हा ती अशी हलकी चालली होती की जाऊबाईसुद्धा गप्प बसल्या. रात्रीपर्यंत कोल्हापूर गाठायचं होतं, मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा होता. आंबा गावात पोचलो आणि दादा म्हणाले, "थांबा. विश्रांती."

यांनी सांगून पाहिलं, "दादा, आज तरी नको. मुलाकडचे वाट बघत असतील."

"आजच हवी. उद्या तिला मुलीला घेऊन मांडवासमोर उभं राहायचंय."

ओळखीच्या घरी आम्ही मुक्काम केला. सकाळी उठलो तर गवत दवाने पांढरं झालेलं आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आम्ही कोकणातली माणसं, अशी थंडी आम्ही घाटाखाली पाहिलेली नाही. हे हँडल मारायला गेले. हँडल तसूभरही हलेना. यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, पाय रोवले, घाम फुटला. दादांनी घोंगडी बाजूला करून बॉनेटवर तीन बोटं टेकली. "कफ," ते म्हणाले.

मग त्यांनी खाली वाकून तळाचं बूच काढलं. काही पडलं नाही. आत बोट घालून त्यांनी ते बाहेर काढलं, तर त्यावर लोण्यासारखा पांढराशुभ्र गोळा. तेव्हा जाऊबाई पडवीत कुसुमची वेणी घालायला बसल्या होत्या आणि केसांना लावायच्या खोबरेलाची बाटली निखाऱ्यांवर धरून पातळ करत होत्या. त्यांनी दादांच्या बोटाकडे पाहिलं, हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि कुसुमची वेणी पुढे घालायला घेतली. मला वाटलं, त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पेट्रोल जवळ, त्यामुळे मोटारीखाली जाळ करायची सोय नाही. घमेल्यांतून निखारे आणून खाली ठेवले, ते लगेच मंदावत. ऊन डोंगराआडून येईना. दादा उताणे पडून इंजिनाच्या तळाला हाताने चोळत होते, सर्दी झालेल्या मुलाची छाती चोळावी तसे. मुहूर्त जवळ येत चालला होता आणि कुसुम शालू नेसून दारात उभी होती.

तेवढ्यात खालून बाबल्याची मोटार आली, कोल्हापूरच्या बाजाराचे नारळ खच्चून भरलेली. त्याने गाडी थांबवली. "काय झाला वैदानू?"

"काही नाही. इंजिन विश्रांती घेतंय," मोटारीखालून आवाज आला.

बाबल्याने दारातल्या कुसुमकडे पाहिलं आणि तो एकदम गंभीर झाला. "चला, बसा सगली माज्या गाडीत. नारलावर बसाय लागल, पन पोचवतो."

आम्ही पेट्या उचलल्या. दादा बाहेर आले. अंगाला माती, कोपरापर्यंत काळे हात. जाऊबाई म्हणाल्या, "चला. पीतांबर तिथे नेसा."

दादांनी आमच्या मोटारीकडे पाहिलं, मग बाबल्याच्या. "तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "ही आता सुटेलच. माझी मोटार असताना मुलीच्या लग्नाला मी याच्या मोटारीतून उतरायचं?"

"दादा, चला ना," कुसुम म्हणाली. ती रडायला लागली होती.

"अगं आलोच मी. तू पोचायच्या आत मागे येतो बघ."

"मग मुलगी बापाशिवाय उतरेल," जाऊबाई म्हणाल्या आणि नारळांवर चढून बसल्या. वळण येईपर्यंत कुसुम मागे बघत होती. दादा पुन्हा मोटारीखाली गेले होते, नुसते पाय दिसत होते.

मुहूर्त साधला. कन्यादान आमच्या यांनी केलं. शेजारी पाटावर मी बसले होते आणि कुसुमच्या हातावर पाणी सोडत होते. जाऊबाई मागे भिंतीशी उभ्या होत्या. पोटच्या मुलीचं कन्यादान त्यांनी इतर बायकांच्या गर्दीतून पाहिलं. मुलाकडच्यांनी दादांची चौकशी केली, तेव्हा हे म्हणाले, "मोटारीपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं." मला त्या क्षणी दादांचा इतका संताप आला की ते समोर असते तर मी नातं विसरून बोलले असते.

ते आले दुपारी, पंगती उठल्यावर. एकटेच, स्वतः चालवत, भोंगा वाजवत. मागून खमंग निळा धूर. मुलाकडची पोरं हसत सुटली. दादा खाली उतरले आणि म्हणाले, "बघितलंत? एकदा ऊन लागलं, पातळ झालं, की काय पळते!"

मग त्यांना मांडवातल्या तुडवलेल्या अक्षता दिसल्या. कुसुम पुढे आली आणि वाकली. दादांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, तिच्या शालूला तेलाचे डाग पडतील म्हणून. आशीर्वाद त्यांनी तोंडानेच दिला, तोही नीट ऐकू आला नाही.

परतताना त्यांनी कोल्हापूरच्या दुकानातून डबा घेतला. कुठला देऊ, असं दुकानदाराने विचारलं तर म्हणाले, "कुठलाही द्या." त्यानंतर नाडी बंद, प्रकृती बंद, विश्रांतीही बंद. मोटार मरेपर्यंत वेळेवर धावली. झाल्या प्रकाराबद्दल ते जाऊबाईंशी किंवा कुसुमशी कधी एक अक्षर बोलले नाहीत. माफी मागणं हे त्यांच्या वैद्यकात नव्हतंच. मला ते फार दिवस टोचत राहिलं.

पुढे एका थंडीत माझ्या लक्षात आलं, की आमच्या घरात सकाळी खोबरेल थिजलेलं म्हणून सापडत नाही. सगळ्यांच्या आधी उठून दादा फडताळातली बाटली न्हाणीच्या चुलीशेजारी नेऊन ठेवत, पातळ झाली की पुसून पुन्हा जागेवर ठेवत. मी एकदा पाहिलं तर चोरी पकडल्यासारखे खाकरून बाहेर निघून गेले. मी जाऊबाईंना सांगितलं. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

दादा गेले ते पावसाळ्याच्या शेवटी. त्या वर्षीच्या मार्गशीर्षात कुसुम माहेरी आली होती. सकाळी केस विंचरायला बसली, फडताळातून बाटली काढली, उपडी केली, हलवली.

"काकू, हे थिजलंय गं," ती म्हणाली. "आपल्याकडे कधी थिजत नसे ना?"

जाऊबाई चुलीपुढून उठल्या. त्यांनी बाटली तिच्या हातातून घेतली, पदरात गुंडाळली आणि तेल पातळ होईपर्यंत पोटाशी धरून ठेवली.