बाबांची घंटा

उद्या कॉलेजात मुलांना धर्मस्वातंत्र्य आणि भाषणस्वातंत्र्याची कलमं शिकवायची आहेत. टिपणं काढत बसलो होतो, तेवढ्यात शेजारून कापराचा वास आला आणि मी थेट पेडगावच्या घरात जाऊन पोहोचलो.

बाबा नरसिंहाचे भक्त, आई देव न मानणारी. एका संध्याकाळी बाबा आरती करत होते आणि आई स्वयंपाकघरात विळीवर भेंडी चिरत होती. "अवो, तुमचा देव बहिरा हाय का? किती वाजवायलात घंटा!"

पाहुणी आलेली आत्या भडकली. "दादा, गप करा की वैनीला!"

बाबा हसले. "बोलू दे की. तिचं तोंड बंद केल्यावर माझी भक्ती वाढणार हाय का?" आणि त्यांनी घंटा आणखी जोरात वाजवली. प्रसादाला मात्र आईनं हात पुढं केला. "मला खोबरं आवडतं म्हनून," ती आत्याला म्हणाली.

तेव्हा मला ती रोजची कटकट वाटायची.

आता दोघंही नाहीत. टिपणं तशीच ठेवून मी उठलो, बाबांची घंटा घेतली आणि मुद्दाम जोरजोरात वाजवली. स्वयंपाकघरातून कुणीच ओरडलं नाही.