तेजाबमामांचं लाल सोनं

तेजाबमामांनी धुतलेला काचेचा चंबू टेबलावर आहे की नाही, हे हाताने चाचपल्याशिवाय कळत नसे. एकदा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी रिकामं टेबल समजून त्यावर पर्स ठेवली आणि तीन चंबू फुटले, असं सांगतात. सांगणारा अर्थात मीच.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नागपुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मामा काचसामान धुवायचे. साबणावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. चंबू तेजाबात बुडवायचा, आणि तेजाब तरी कसलं, तर सोनं विरघळवणारं! मग डिस्टिल्ड पाण्याने बारा वेळा खंगाळून उजेडात धरायचा. पाणी काचेवर सपाट पसरलं तर पास. एक थेंब अडकला की, "रुसून राहिलं गा हे भांडं," म्हणत पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या शर्टाला तेजाबाने इतकी भोकं पडली होती की नागपूरच्या मे महिन्यातही त्यांना पंखा लागत नसे.

हा सगळा सोवळेपणा सोन्यासाठी. बाई हत्तीरोगाच्या जंतांवर काम करत होत्या. सोन्याच्या क्षाराचं पाणी उकळून त्यात सायट्रेट टाकलं की डोळ्यांना न दिसणारे सोन्याचे कण होतात आणि पाणी चक्क लाल दिसतं. त्या कणांवर, जंताचा अंश टोचलेल्या सशाच्या रक्तातली प्रतिपिंडं चढवायची. ती सोन्याला घेऊन नेमकी जंताला जाऊन चिकटतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिथे काळे ठिपके दिसतात. हे समजावायला बाईंना एक तास लागे. मामांना एक वाक्य पुरे: "सोन्याले कपडे घालाचे अन् जंताच्या पत्त्यावर धाडाचं." कपडे नीट बसलेत का, हे पाहायला त्यात चिमूटभर मीठ टाकत. लाल राहिलं तर उत्तम. निळं पडलं की मामा हळहळत, "उघडं राहिलं बिचारं."

मी बाईंचा संशोधक विद्यार्थी. दोन वर्षं घासल्यावर मुंबईच्या सूक्ष्मदर्शकावर एक दिवस मिळाला होता, दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. तो हुकला तर पुढचा नंबर कधी, देव जाणे. सोन्याचा क्षार उरला होता जेमतेम दोन खेपांपुरता.

खंडेनवमीला मामा रजेवर. दरवर्षी या दिवसांत दीक्षाभूमीला येणारे गावोगावचे नातलग त्यांच्या दोन खोल्यांत उतरत. माझ्या हिशेबाने अर्धा भंडारा जिल्हा. इकडे आम्ही उपकरणांची पूजा मांडली. तराजूला हळदकुंकू, सेंट्रिफ्यूजला हळदकुंकू. मला एकदम भरून आलं. मामांचा लाडका चंबू काढला, त्यात झेंडूचं फूल खोचलं आणि गळ्याला आतून-बाहेरून हळदीची बोटं ओढली. दसरा झाल्यावर तो साबणाच्या पावडरीने खसाखसा घासला. लखलखत होता हो!

त्यातच सोनं उकळलं. पाणी शाईसारखं निळं झालं आणि तिथेच ठाण मांडून बसलं.

तेवढ्यात मामा कामावर आले. चंबूच्या तोंडाशी नाक नेऊन म्हणाले, "काहून गा, झेंडू?"

"मामा, पूजा केली होती..."

"त्याले नवरदेव करून टाकला अन् वरून साबण! सरक बाजूले. हात मागं बांध."

निळं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून त्यांनी तो चंबू तेजाबात घातला. बारा वेळा खंगाळला, मग तेराव्यांदाही. शेवटचा क्षार त्यात उकळायला ठेवला, सायट्रेट टाकलं. पिवळं पाणी बिनरंगी झालं, मग काळंनिळं. मामा पुटपुटत होते, "चाल रे बाबू, चाल." आणि काळ्यातून जांभळं, जांभळ्यातून डाळिंबासारखं लाल झालं. मी नाचलो. मजला हादरला.

त्या हादऱ्यानेच असेल, बाई आत आल्या. त्यांची नजर निळ्या भांड्यावर गेली. "एक खेप वाया? कोणी केलं हे?"

मी उगाचच तराजू पुसायला घेतला. मामा म्हणाले, "माह्या हातून भांडं कच्चं राहिलं, मॅडम."

"मामा, तुम्ही?" बाई एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. मामांनी मान खाली घातली. तशी ती मी कधी पाहिली नव्हती.

बाई गेल्यावर मी विचारलं, "असं काहून केलं, मामा?"

"तुले हाकललं असतं तं मुंबईले कोण गेलं असतं, मी? पुन्हा हळद लावशील तं तुलेच तेजाबात बुडवीन."

मुंबईला जंताच्या कातडीवर काळे ठिपके उमटले, दाट, जसे तिळगुळावरचे तीळ. मी डॉक्टर झालो.

काही वर्षांनी मामा निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात बाई कौतुकाने म्हणाल्या, "एवढ्या नोकरीत मामांचं एकच भांडं कच्चं राहिलं." सगळे हसले. मी खुर्चीतून उठलो. हार गळ्यात घातलेल्या मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोटानेच खूण केली, बस.

बाकी कशाला मी कितीही मीठमसाला लावला असेल, पण हे जसंच्या तसं घ्या. मी बसलो.