जे अक्षराचे टायर

वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत आनंदराव गजभिये यांचं टायरचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की टायर दाखवण्याआधी ते एकच प्रश्न विचारत, गाडी किती पळवता?

आनंदराव छप्पन साली एकोणीस वर्षांचे होते. वडलांबरोबर त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी लष्कराच्या वर्कशॉपात लागले. तिथल्या चौदा वर्षांत त्यांना एक गोष्ट कळली. टायरच्या बाजूवर मापाशेजारी एक इंग्रजी अक्षर असतं आणि ते त्या टायरच्या वेगाची हद्द सांगतं. जे म्हणजे ताशी शंभर किलोमीटर, एल म्हणजे एकशेवीस, एस म्हणजे एकशेऐंशी. नोकरी सोडून दुकान टाकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की गावात हे अक्षर कोणी वाचतच नाही. लोक टायरवर बुक्की मारून बघत आणि जाड आहे म्हणून घेऊन जात.

त्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर सहसा मिळत नसे. काटोलचे संत्र्याचे व्यापारी भैय्याजी यांनी आपली अॅम्बेसेडर एकशेवीसनं पळते असं सांगितलं. गाडीचा वेग दाखवणारा काटा केव्हाच बंद पडला होता. आनंदराव मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या शेजारी बसले आणि अमरावती रोडवरचे किलोमीटरचे दगड मोजत गेले. वेग चोपन्न निघाला. भैय्याजी म्हणाले, आज वारा समोरून आहे. आनंदरावांनी त्यांना साधे टायर बसवून दिले.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात धरमपेठेतल्या डॉक्टर अरुंधती देव दुकानात आल्या. बायकांच्या डॉक्टर होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी काटोलच्या दवाखान्यात जात, गाडी स्वतः चालवत. गाडी नवी होती, जपानी इंजिनाची. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते आणि डाव्या टायरला आतल्या बाजूनं आवळ्याएवढा फुगवटा आला होता.

किती पळवता, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, पन्नास-साठ.

आनंदराव गाडीच्या समोर जाऊन उभे राहिले. काचेवर, बॉनेटवर, नंबरप्लेटवर किडे चेचून चिकटले होते.

"डॉक्टरीणबाई, साठनं जाणाऱ्या गाडीवर किडे येऊन बसते," ते म्हणाले. "हे बसलेले नाहीत."

बाईंनी काचेकडे पाहिलं. रस्ता मोकळा असला तर एकशेवीस, असं त्यांनी सांगितलं.

चौदा-पंधरा वर्षांत दुकानात आलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक, ज्याला अक्षराची खरोखर गरज होती. आणि नेमके त्या वेगाचे टायर आनंदरावांकडे नव्हते. होते ते सामानाच्या गाडीचे, जे अक्षराचे. रिमवर ते बसत होते. एस अक्षराचे मुंबईहून मागवायचे म्हणजे आठ दिवस लागणार. फुगलेला टायर घेऊन तर दुकानाबाहेरही पडू देणं बरोबर नव्हतं. तेव्हा असं ठरलं, की पुढे जे अक्षराचे दोन टायर तात्पुरते बसवायचे आणि नवे येईपर्यंत बाईंनी ऐंशीच्या वर जायचं नाही. बाई हो म्हणाल्या. घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

ते बघणं आनंदरावांना आवडलं नाही. टायर बसवून झाल्यावर त्यांनी अॅक्सिलरेटरखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीनं घट्ट बांधला. गाडी पुढच्या चौकापर्यंत नेऊन पाहिली. पाय कितीही दाबला तरी ठोकळ्याच्या खाली जात नव्हता. बाईंना त्यांनी काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी बाई दुकानात आल्या आणि ठोकळा त्यांनी टेबलावर ठेवला.

"हा तुमचा ना?"

"हो, माझाच."

काल पहाटेच काटोलहून फोन आला होता, बाईंनी सांगितलं. पहिलटकरीण, मूल आडवं. त्या निघाल्या तर गाडी सत्तरच्या वर जाईना. इंजिन बिघडलं असं वाटून त्यांनी दोनदा थांबून बॉनेट उघडलं. पोचल्या तेव्हा सिंधूताई, म्हणजे तिथली जुनी नर्स, घामानं निथळत उभी होती. मूल तिनंच फिरवून बाहेर काढलं होतं.

"दोघंही वाचली," बाई म्हणाल्या. "नसती वाचली तर?"

टायर फुटला असता तर तुम्हीही पोचल्या नसत्या, हे आनंदरावांच्या जिभेवर आलं होतं. खरं तर ते बरोबरही होतं.

"मला सांगितलं असतंत, तर मी हळू गेले असते."

"नसत्या गेल्या."

बाईंनी जरा विचार केला. "नसते गेले," त्या म्हणाल्या. "पण ते माझं मी ठरवायचं होतं, आनंदराव."

आनंदरावांनी मान डोलावली. बाई गेल्यावर त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि शेजारच्या गोदामातून मुंबईला निघालेल्या ट्रकात क्लीनरच्या जागी जाऊन बसले. घरी फक्त निरोप गेला. पाचव्या दिवशी तसल्याच दुसऱ्या ट्रकातून, एस अक्षराच्या चार टायरांवर बसून ते परत आले. अंग इतकं आखडलं होतं, की दोघांनी धरून खाली उतरवलं. त्याच संध्याकाळी धरमपेठेत जाऊन त्यांनी स्वतः टायर बसवले. बाईंनी अॅक्सिलरेटरखाली वाकून पाहिलं आणि चहा दिला.

जेवताना त्यांनी बायकोला, पार्वतीबाईंना, सगळी हकीकत सांगितली. बायकोनं ती पूर्ण ऐकून घेतली.

"पोरगं झालं का पोरगी?"

आनंदरावांना माहीत नव्हतं.

"विचारलं काहून नाही?"

दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या बसनं काटोलला गेले. दवाखान्यात सिंधूताईनं त्यांना कोण तुम्ही, असं विचारलं. बाळंतिणीचे कोण लागता ते सांगता येईना, म्हणून ते म्हणाले, मी टायरवाला. सिंधूताईला त्यातून काही कळलं नाही, पण तिनं आत नेलं.

मुलगी होती. आईच्या कुशीत झोपली होती, एक मूठ कानाशी. आनंदराव टोपी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले. बाळाच्या आईनं पाहुणे म्हणून त्यांना बसायला स्टूल दाखवलं, तेव्हा ते बसले.