मागची खुर्ची

माझ्या जावेच्या मामांइतकी मेलेल्या माणसांची अदब राखणारा माणूस अख्ख्या नाशकात झाला नसेल. जिवंतांना ते फारसे विचारत नसत. मामा कोर्टात बेलीफ होते, तिथल्याच आवारात जप्त घरांचे लिलाव पुकारायचे. घराचा मालक वारलेला असला की मागे एक खुर्ची त्याच्यासाठी रिकामी ठेवायची, शेजारी पाण्याचं तांब्या-भांडं. "घर त्याचं विकायचं आणि त्यालाच उभं ठेवायचं?" लिलाव संपला की तांब्या रिकामा आणि भांडं पालथं असे. उन्हानं आटतं, असं मी एकदा म्हणाले. "आणि भांडंही ऊनच पालथं घालतं का, मास्तरीणबाई?" गेलेल्याच्या घरात मात्र ते पाऊल टाकत नसत. नोटीस दाराबाहेरूनच डकवायची.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा लिलावाला गेले. गंगापूर रोडचं बैठं घर, गेल्या वर्षी वारलेल्या एका एकट्या बाईंचं. घ्यायचं आणि भाड्यानं द्यायचं, असा माझा साधा हिशेब. बारा वर्षांच्या नोकरीची शिल्लक पर्समध्ये होती. मी जाऊन नेमकी त्या खुर्चीवर बसले. "उठा, बाईंची जागा आहे ती," मामा सगळ्यांदेखत ओरडले. मी उठले. बसायची जागा गार लागली होती, एवढं खरं.

देवळ्याचा एक कांद्याचा व्यापारी माझ्यावर बोली चढवत होता. माझी बोली संपली. मामा म्हणाले, "एक वार... दोन वार..." आणि थांबले. खुर्चीकडे कान देऊन त्यांनी मान डोलावली. "शेठ, बाई विचारताहेत, तुम्ही घरात तंबाखू थुंकता का?"

शेठनं खुर्चीकडे पाहिलं. तोंडातली गिळली. "लय झालं. मला नाय पायजे ते घर!"

घर मला मिळालं. किल्ली देताना मामा हळूच म्हणाले, "चुलीशेजारची खुंटी मोकळी ठेवा. बाईंचा चष्मा असतो तिथं."

कुलूप उघडून पाहिलं. चुलीशेजारी खुंटी होती, हाताला लागेल अशी, गुळगुळीत झिजलेली.

भाडेकरू काही टिकले नाहीत. तिघांनीही कारण सांगितलं नाही. शेवटी मीच राहायला गेले. आता मलाही चष्मा लागलाय. मी तो कुठेही टाकते, आणि तो त्या खुंटीवर सापडतो. शोधायचा त्रास वाचतो, म्हणून मी तक्रार करत नाही.

हे ऐकून न हसणारा एकच माणूस होता, मामा. गेल्या वर्षी तेही गेले. अजून कधी कोर्टाकडे गेले की लिलावात डोकावते. मागे एखादी खुर्ची रिकामी दिसली, तर तिच्याशेजारी उभी राहते.